ब्रेडच्या कडा

लाँड्रीच्या काउंटरवर कपडे घेणाऱ्या बाईंना सगळे ‘डागवाल्या बाई’ म्हणत. नावात थोडी थट्टा होती, पण बाईंना तिचं काही वाटत नसे. काम तेच होतं. गिऱ्हाईक कपडे टाकून जायच्या आत बाई एकेक कपडा उजेडाकडे धरायच्या, डाग सापडला की त्याच्याभोवती खडूने गोल काढायच्या आणि डाग कशाचा ते विचारून चिठ्ठी टाचायच्या. मागे धुणाऱ्याला ते कळलं नाही तर लोणी लागलेल्या कोटावर नुसतं पाणी आणि फळाच्या रसावर गरम इस्त्री, असा सगळा आनंदीआनंद व्हायचा.

दुसऱ्या कुठल्याही काउंटरवर हा प्रश्न एका शब्दात संपला असता. काय सांडलं? सूप. झालं. बाईंचं तिथून सुरू व्हायचं. कसलं सूप? वर साय होती का? कुठे प्यायलात? बरोबर ब्रेड दिला की मागावा लागला? गरम होता? घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं. पण घाई नसलेलं गिऱ्हाईक काउंटरला कोपर टेकून कालचं जेवण पहिल्या घासापासून पुन्हा जेवायचं आणि मागे रांग लागायची. मग मालकीणबाई आतून ओरडायच्या, “अहो बाई, डाग काढायचाय! जेवणावळ नाही घालायची!”

बाईंना खाण्याचं वेड होतं. वेड म्हणजे जिभेचे चोचले नव्हेत. त्या शिळं खायच्या, कोरडं खायच्या, पोरांच्या ताटातलं उरलेलंही खायच्या, कुरकूर न करता. पण कोणी कुठे काय खाल्लं हे ऐकायला मिळालं की त्यांचे कान लगेच टवकारायचे. शहरात एवढी हॉटेलं, आणि त्यातल्या एकातही त्या कधी बसल्या नव्हत्या. आधी पोरं लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि मग न जाण्याचीच सवय पडली. त्यांना शहराची चव ठाऊक होती ती लोकांच्या कॉलरांवरून आणि बाह्यांवरून. संध्याकाळी घरी जाताना त्या मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायच्या. तिथे ओळीने हॉटेलं होती आणि दाराबाहेर काचेच्या पेटीत खाण्याचं कार्ड लावलेलं असायचं. दुसरी माणसं पेपर वाचतात तसं बाई ते वरपासून खालपर्यंत वाचायच्या. दारावरचा माणूस “या ना आत” म्हणाला की लगेच घड्याळात बघून घाईत असल्यासारखं करायच्या.

नवरा मात्र रोज हॉटेलात. तो होता शेगड्यांचा मिस्त्री, आणि घरातल्या नव्हे, हॉटेलांच्या मोठ्या शेगड्यांचा. ज्योत पिवळी पडली, बर्नरची भोकं बुजली, नळीला वास येऊ लागला की मिस्त्रींना बोलावणं यायचं. शहरात असं एकही मोठं स्वयंपाकघर नव्हतं जिथल्या शेगडीखाली मिस्त्री उताणे झोपले नव्हते. कामं सगळी दुपारची, कारण जेवणारी गिऱ्हाईकं उठून गेल्याशिवाय शेगडी बंद करता येत नाही. काम संपलं की तिथली माणसं त्यांना जेवल्याशिवाय सोडायची नाहीत. त्यामुळे मिस्त्री संध्याकाळी घरी यायचे ते भरल्या पोटी.

बाई तरीही ताट वाढायच्या. मिस्त्री हात धुऊन बसायचे, मान ठेवायचा म्हणून एक घास घ्यायचे आणि म्हणायचे, “ठीक आहे.” झालं. लग्नाच्या पहिल्या महिन्यातही ठीक आहे, आणि मुलगी नोकरीला लागली तेव्हाही ठीक आहे. एरवी हा माणूस अबोल. शेजारी आग लागली तरी दोन शब्दांत सांगेल. पण दुपारी काय खाल्लं हे विचारलं की त्यांचं तोंड उघडायचं. आणि सांगायचे तर असे सांगायचे की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. भांडं कोणतं होतं, आधी काय पडलं, तेल कधी चुरचुरलं, रंग कधी बदलला, ताटात वाढलं तेव्हा वाफ येत होती की नव्हती. बाई समोर बसून आपलं साधं जेवण जेवायच्या आणि कानाने ते दुसरं. दुसऱ्या दिवशी त्या तेच घरी करून बघायच्या.

ऐकून स्वयंपाक करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. रंग सांगता येतो, आवाज सांगता येतो, आधी काय आणि मग काय तेही सांगता येतं. पण मीठ सांगता येत नाही. “मीठ किती होतं?” असं बाईंनी विचारलं की मिस्त्री विचारात पडायचे आणि म्हणायचे, “होतं तेवढं होतं.” आता या उत्तरावर माणसाने काय करावं? बाई आपल्या अंदाजाने टाकायच्या. कधी जमायचं, कधी पोरं नाक मुरडायची.

जमलेल्यांमध्ये पहिला नंबर ब्रेडच्या कडांचा.

कोपऱ्यावर काचेच्या दाराचं एक हॉटेल होतं, शहरातलं सगळ्यात नावाजलेलं. त्या हॉटेलातले डाग लाँड्रीत आले की बाई आदराने हाताळायच्या. एकदा मिस्त्री तिथल्या भट्टीचं काम करून आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, “आज काय खाल्लं माहितेय? ब्रेडच्या कडा.”

“कडा? नुसत्या?”

“नुसत्या कशाला? कांदा, टोमॅटो, ठेचलेला लसूण, लाल मिरची, सगळं अगदी आटवून घेतलं. कडा कोरड्याच तव्यावर कडक केल्या. मग त्या रश्श्यात सोडल्या. वर अंडी फोडली आणि झाकण ठेवलं. खालच्या कडा मऊ, वरच्या कुरकुरीत.” मिस्त्री थांबले. “फार चांगलं होतं.”

‘फार चांगलं’ हे शब्द त्यांच्या तोंडून बाईंनी पहिल्यांदाच ऐकले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अख्खा ब्रेड आणला आणि प्रत्येक स्लाइसच्या चारी कडा कापल्या. मधला पांढरा भाग उरला. तो त्यांनी पोरांच्या डब्यात दिला. हॉटेलवाले मधल्या भागाचं काय करत असतील, हा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही. पण त्यांनी विचार केला, श्रीमंतांचं काही सांगता येत नाही, ते काय खातील आणि काय टाकतील याचा नेम नाही. पुढे कित्येक वर्षं पोरं कडा नसलेला ब्रेड घेऊन शाळेत गेली, आणि ही मुलं फार बड्या घरची असली पाहिजेत असा त्यांच्या वर्गशिक्षिकेचा समज झाला.

घरात त्या पदार्थाचं नावच ‘हॉटेलातलं’ पडलं. “आई, आज हॉटेलातलं कर ना,” पोरं म्हणायची. वाढदिवसाला हॉटेलातलं, परीक्षा संपली की हॉटेलातलं, तापातून उठलं की हॉटेलातलं.

त्यात बाईंच्या हातून एकदा एक चूक झाली. स्वयंपाकाच्या ऐन घाईत धाकट्याने नाकात वाटाणा घातला. का घातला हे त्याला तेव्हाही सांगता आलं नाही आणि पुढे मोठा झाल्यावरही नाही. बाई शेगडी बंद करून त्याला डॉक्टरांकडे घेऊन पळाल्या. परत आल्या तेव्हा डोकं तापलेलं, पोरगं रडतंय, मोठी मुलगी भूक भूक करतेय. त्यांनी रस्सा पुरा केला, कडा टाकल्या, अंडी फोडली, आणि मग बघतात तर चिरलेला कांदा पाटावर तसाच. आत घालायचा राहून गेलेला. आता त्याचं काय करायचं? रागारागाने त्यांनी तो तेलात टाकला आणि रागातच जरा जास्त तळला, अगदी काळपट होईपर्यंत. टाकवेना, म्हणून शेवटी सगळ्यावर पसरला आणि लिंबू पिळून वेळ मारून नेली.

मिस्त्री आले. एक घास घेतला. घास जरा वेळ तोंडातच राहिला. मग म्हणाले, “ठीक आहे.”

पोरांना मात्र तो वरचा कांदा इतका आवडला की त्यांनी पुन्हा आधीसारखं करूच दिलं नाही. बाई करत राहिल्या. पण मनात टोचणी राहिली. मूळ पदार्थ एवढ्या मोठ्या हॉटेलातला, आणि आपण तो बिघडवून ठेवला. मिस्त्रींना त्या कधी बोलल्या नाहीत. मिस्त्रींनीही कधी विचारलं नाही.

बाईंची पन्नाशी आली तेव्हा धाकटा शिकायला परगावी होता आणि मोठी नोकरीला लागली होती. मोठी म्हणाली, “आई, या वाढदिवसाला आपण खरं हॉटेलातलं हॉटेलात जाऊन खायचं. कोपऱ्यावरच्या.”

बाईंना जायची हौस तर होतीच. पण हौसेखाली दुसरंच काहीतरी होतं. आपण आयुष्यभर जे ऐकून रांधलं, ते खऱ्याच्या जवळपास तरी जातं का, हे आता कळणार होतं. नवऱ्याला विचारून काय कळायचं? तो ठीक आहे म्हणणार. आपली जीभ मात्र आपल्याला फसवणार नाही.

“अहो, तुम्ही पण चला,” त्या म्हणाल्या.

मिस्त्री चुळबुळले. “मी कशाला? तिथे काय आहे? खुर्च्या आहेत.”

“अहो पण तुम्ही तर नेहमी जाता.”

“माझं वेगळं. त्या दिवशी मला बेकरीची भट्टी उघडायची आहे. तुम्ही दोघी जा.”

खरं तर त्यांनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण ज्या माणसाला खाण्याशिवाय कशावरच बोलता येत नाही, त्याला हे कुठून सुचायचं? बाईंनी त्याचा अर्थ असा घेतला की आपल्यासोबत तिथे बसायची यांना लाज वाटते, आणि चांगला कोट घालून त्या मुलीबरोबर निघाल्या.

काचेचं दार एवढं जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आत पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. बाईंनी सवयीने आधी डाग शोधला, सापडला नाही. वेटरने खुर्ची मागे ओढून दिली, मग पुढे ढकलली, आणि बाईंना आपण लहान पोर असल्यासारखं वाटलं. कार्ड हातात आलं तेव्हा त्या जरा सावरल्या. वाचायची सवय होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग उलटं वाचलं.

“कार्डावर नसेल, विचारू या,” मुलगी म्हणाली.

बाईंनी घसा साफ केला. “तुमच्याकडे ते कडांचं असतं ना, ते दोन द्या.”

“कशाचं?” वेटर वाकून म्हणाला.

“ब्रेडच्या कडांचं. टोमॅटोचा रस्सा, लसूण, वर अंडी.” आणि जरा चाचरत, “कांदा आत असतो ना तुमच्यात?”

वेटरचे कान लाल झाले. मागे मॅनेजर हात बांधून उभा होता. वेटरने एकदा तिकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. “असं काही आमच्याकडे मिळत नाही,” तो म्हणाला. “कडा आम्ही कापून काढतो. सँडविचला लागत नाहीत.”

बाईंनी बाजूच्या टेबलावर पाहिलं. बशीत पांढरी, त्रिकोणी, कड नसलेली सँडविचं ओळीने उभी होती. मुलीला सगळं एका झटक्यात कळलं आणि ती खो खो हसत सुटली. मग तिचं आईच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि तिने हसणं गिळलं.

“मग सूप द्या,” बाई म्हणाल्या. “आणि मासा.”

सूप चांगलं होतं, हे बाईंनी प्रामाणिकपणे मान्य केलं. मासा शेपटीकडे कोरडा पडला होता. ताटं भली मोठी, आणि अन्न मधोमध एवढंसं, चुकून कुणी विसरून गेल्यासारखं. सगळं वेळेवर आलं, गरम आलं, पण “अजून थोडं घ्या” असं कोणीच म्हणालं नाही. बाईंना वाटलं, हॉटेलात हेच कमी असतं, बाकी सगळं असतं. एरवी हे त्यांनी मुलीला रंगवून सांगितलं असतं. त्या दिवशी त्या गप्प जेवल्या. परतताना हॉटेलांच्या रस्त्यावरून गेल्या, पण एकही कार्ड वाचलं नाही.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नवरा तिथे कधी जेवलाच नसेल तर त्याने इतकी वर्षं थापा मारल्या. आणि जेवला असेल तर तिथल्या लोकांनी त्याला टाकाऊ वाढलं, आणि आपण तेच पोरांना सणासुदीसारखं खाऊ घातलं, तेही चांगला धडधाकट ब्रेड कापून. दोन्हीतून चांगलं काही निघत नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपल्या हातचं कधी ‘फार चांगलं’ का झालं नाही याचा आता उलगडा होत होता. टाकाऊचं अजून काय होणार? ते ठीकच होतं.

मिस्त्री आल्या आल्या बाईंनी त्यांना फैलावर घेतलं.

“तुम्ही त्या हॉटेलात जेवता की नाही?”

“जेवतो की.”

“मग तो वेटर म्हणतो, असं काही मिळतच नाही. कडा म्हणे ते कापून टाकतात.”

मिस्त्री बूट काढता काढता थांबले. “टाकत नाहीत. माणसं खातात.”

“कोण माणसं?”

“तिथली. आचारी, भांडी घासणारे, वेटर. दुपारची गिऱ्हाईकं गेली की ते आपलं करून जेवतात. उरलंसुरलं असतं, पण करतात मन लावून. मी त्यांच्यात बसतो.”

“आणि पुढे? टेबलावर?”

“पुढून मी कधी गेलोच नाही,” मिस्त्री म्हणाले. “मला मागचं दार ठाऊक आहे. शहरातल्या सगळ्या हॉटेलांचं.”

बाई खुर्चीवर बसल्या. “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला सांगत होतात ते सगळं…”

“ते जेवायचे ते सांगत होतो. कार्डावर आहे असं मी कधी म्हटलं?”

हे खरं होतं, आणि त्यामुळे बाईंच्या नाकाला मिरच्या जास्तच झोंबल्या. “माझं हसं झालं तिथे! चारचौघांत कडा मागितल्या मी, चांगला कोट घालून! एका शब्दाने सांगता येत नव्हतं तुम्हाला?”

मिस्त्री एक बूट हातात धरून उभे राहिले.

त्यानंतर घरात हॉटेलातलं होणं बंद झालं. बाई ब्रेड आणायच्या आणि अख्ख्या स्लाइस कडांसकट ताटात ठेवायच्या. दुपारी काय खाल्लं हे त्या विचारेनाशा झाल्या, त्यामुळे मिस्त्रींना सांगायलाही काही उरलं नाही. मुलगी दोघांच्या मध्ये बसून जेवायची आणि म्हणायची, “घरात कोणी गेलंय का?” लाँड्रीतही बाई “काय सांडलं?” एवढंच विचारून चिठ्ठी टाचायच्या. रांग झपाझप पुढे सरकायची. मालकीणबाईंना वाटलं यांना बरं नाही.

अशाच एका दुपारी बाईंनी समोर आलेल्या माणसाकडे न बघताच विचारलं, “काय सांडलं?”

“काही नाही,” मिस्त्री म्हणाले. हाताला काजळी, खांद्याला हत्यारांची पिशवी. लाँड्रीत ते आजवर कधी आले नव्हते. “चल.”

“कुठे? काम आहे मला.”

मिस्त्री हलले नाहीत. मागची रांग बघायला लागली. आतून मालकीणबाई म्हणाल्या, “जा हो बाई, जा. तोंड बघा तुमचं, दूध नासल्यासारखं झालंय इतके दिवस.”

कोपऱ्यावरच्या हॉटेलाला मागूनही एक बाजू होती हे बाईंच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. अरुंद बोळ, भाज्यांचे रिकामे खोके, ओली फरशी, आणि एक लोखंडी दार. मिस्त्रींनी ते खांद्याने ढकललं, आपल्याच घरचं असल्यासारखं. आत वाफ, भांड्यांचा खणखणाट, आणि लसणाचा असा वास की रागात असूनही बाईंनी तो ओळखला आणि मनातल्या मनात म्हटलं, जरा जास्त परतलाय.

बघता बघता सगळ्यांनी मधलं लांबलचक पत्र्याचं टेबल मोकळं केलं आणि बसायला खोके पालथे घातले. मोठा आचारी, ज्याला सगळे मामा म्हणत होते, दोन्ही हातांनी एक पसरट भांडं घेऊन आला आणि ओरडला, “चला रे, मिस्त्रीच्या घरचं तयार आहे!”

बाईंना वाटलं, आपण आलोय म्हणून ही थट्टा चाललीय. पण मामाने अजून त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं.

भांडं टेबलावर आलं. रश्श्यात कडा होत्या, अंडी होती. आणि सगळ्यावर, काठापासून काठापर्यंत, काळपट तळलेला कांदा पसरलेला होता. बाजूला कापलेली लिंबं.

बाई त्या कांद्याकडे बघत राहिल्या. ही चूक त्यांची होती. त्या एका संध्याकाळची, वाटाण्याची. ती आणखी कुणाची असणं शक्यच नव्हतं.

“कांदा वरून घालता तुम्ही?” त्यांनी विचारलं.

मामाने वर पाहिलं. “आधी आतच घालायचो. एक दिवस मिस्त्री आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, काल घरी कांदा वरून होता, काळा करून, लिंबू पिळून. असं सांगितलं, असं सांगितलं, की आम्ही हातातलं टाकून तळायला घेतला. तेव्हापासून आम्ही याला मिस्त्रीच्या घरचंच म्हणतो.” मग त्याची ट्यूब पेटली. “म्हणजे तुम्ही वहिनी! अरे, वहिनी आल्यात! तो मोठा खोका द्या इकडे!”

टेबलाच्या टोकाला तो त्या दिवशीचा वेटर होता, कोट काढून, बाह्या वर करून. तो उठून उभा राहिला. “काकू, त्या दिवशी मॅनेजर मागे उभा होता हो. आम्ही जे खातो ते तुम्हाला कसं देणार? पण तुम्ही कांदा आत असतो का विचारलंत ना, तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं, की नाही, वरून असतो.”

“आणि ते फक्त कांद्याचंच नाही हो,” मामा वाढता वाढता म्हणाला. “भाताला लसणाची फोडणी, सूपमध्ये शिळा ब्रेड कुस्करून घालायचा, सगळं वहिनींचं. मिस्त्री शेगडीखालून डोकं बाहेर काढायचे ते हेच बोलत. आम्ही म्हणायचो, अहो, एवढं चांगलं मिळतं तर इथे कशाला जेवता? तर म्हणायचे, तुम्ही आग्रह करता.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री मान खाली घालून ब्रेडच्या कडेने रस्सा पुसून घेत होते, आणि त्यांचे कान त्या दिवशीच्या वेटरसारखे लाल झाले होते.

बाईंनी घास घेतला. खालच्या कडा मऊ, वरच्या कुरकुरीत, वर तो कांदा. त्यांच्यासारखंच होतं. पण नेमकं नव्हतं. “मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या.

“मीठ मिस्त्रींना सांगता येत नाही!” मामा म्हणाला. “विचारलं की म्हणतात, होतं तेवढं होतं.” आणि त्याने मिठाचा डबा बाईंच्या हातात दिला. बाईंनी चिमूट घेतली, मग आणखी अर्धी. मामाने चव घेतली आणि डोळे मिटले.

बाहेर बोळात आल्यावर बाई थांबल्या. आता त्यांना रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. “सगळ्या शहराला सांगत फिरलात,” त्या म्हणाल्या. “आचाऱ्यांना, भांडी घासणाऱ्यांना. मला एकदा सांगायला तुमचं तोंड शिवलं होतं का?”

मिस्त्रींनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “तुला काय सांगायचं? तू तर केलेलं असायचं. तुला माहीतच असणार.”

“नव्हतं माहीत,” बाई म्हणाल्या. “मला कसं माहीत असणार? एक घास खाऊन तुम्ही ठीक आहे म्हणता.”

मिस्त्रींनी यावर बराच विचार केला. बोळ संपला, मोठा रस्ता आला, हॉटेलांची ओळ संपली, तरी त्यांचा विचार चालूच होता. बाईंनी नाद सोडला आणि वाटेत ब्रेड घेतला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आले ते काहीतरी वेगळेच दिसत होते. चेहरा उतरलेला, पाय ओढत. बाईंना वाटलं कुठे लागलंबिगलं की काय.

“काय झालं?”

“काही नाही. भूक लागलीय.”

“का? आज जेवायला बसवलं नाही कोणी?”

“बसवत होते,” मिस्त्री म्हणाले. “मी म्हटलं, आज जेवण घरी आहे.”

घरी हॉटेलातलं होतं. बाईंनी वाढलं, वर कांदा टाकला, लिंबू पिळलं. मिस्त्रींनी एक घास घेतला, तोंड उघडलं, आणि बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ‘ठीक’मधला ‘ठी’ तिथेच राहिला. मग ते खातच राहिले. ताट पुसून झालं आणि त्यांनी ते पुढे केलं. “अजून वाढ.”

बाईंनी भांड्यात पाहिलं. तळाला चमचाभर रस्सा होता. इतकी वर्षं त्या स्वतःपुरतं आणि पोरांपुरतं करत आल्या होत्या, वर मिस्त्रींचा एक घास. एका गड्याचं पोटभर जेवण त्या भांड्यात कधी मावलंच नव्हतं. मुलगी म्हणाली, “माझ्यातलं घ्या, बाबा,” तर तिच्यातही उरलं नव्हतं.

“बसा जरा,” बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, फळीवरचं मोठं भांडं उतरवलं, कांदा चिरून बाजूला ठेवला आणि दुसरा ब्रेड फोडून कडा कापायला घेतल्या. मधला भाग मिस्त्रींनी वाट बघता बघता कोरडाच खाऊन टाकला.